शांततेतली सरसर

"सासूबाई, दुपारी सुनावणी आहे. परवाना नाकारला गेला, तर संध्याकाळी आमचे सगळे फोन बंद!"

मालकीणबाई खुर्चीत टेकायच्या आधीच हे बोलून मोकळ्या झाल्या. समोरच्या गुप्तहेर बाईंना सगळेच सासूबाई म्हणत. त्यांच्याबरोबर हिंडणारा जावई त्यांची तशीच ओळख करून देई, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. जावयाची या कामातली गती बेताचीच. पण सासूबाईंचं डोकं चालताना बघायला मिळतं, एवढ्यासाठी त्याने विमा कंपनीतली बरी नोकरी सोडली होती, आणि त्याचा त्याला कधी पस्तावा झाला नव्हता.

मालकीणबाईंची कंपनी इंटरनेटवरून फोन जोडून देई. परदेशी कामाला गेलेली माणसं त्यावरून घरच्यांशी बोलत. आता सरकारने अशा प्रत्येक कंपनीला परवाना सक्तीचा केला होता. रुग्णवाहिकेचा नंबर हमखास लागला पाहिजे, बोलणाऱ्याचा खरा नंबर दिसला पाहिजे, अशा अटी होत्या.

"अटी चांगल्याच आहेत, सगळ्या पाळल्यात," त्या म्हणाल्या. "आणि आता परवाना कार्यालयात कुणीतरी माझ्या फोनचं म्हणून एक ध्वनिमुद्रण पाठवलंय. त्यात मी साहेबांना लाच देऊ करतेय!"

"आवाज?"

"माझाच. शब्दही माझेच. 'परवाना मिळायलाच हवा' हे तर मी उठता-बसता म्हणते. पण 'काम झालं की तुमचा मोबदला घरपोच' हे मी पाटी रंगवणाऱ्याला म्हटलं होतं, आमच्याच फोनवर. तेव्हा ते टिपून घेऊ शकतील अशी खोलीत तिघंच होती. माझे धाकटे दीर, आमचे भागीदार आणि हेल्पलाइनवरची ताई."

परवाना अधिकारी काटेकोर माणूस होता. त्याने सासू-जावयाला चहासुद्धा विचारला नाही, आणि सासूबाईंना तो तिथेच आवडला.

"मला असा फोन कधी आलाच नाही," तो म्हणाला. "पण लाच मला देऊ केलीय, मग माझा शब्द कोण खरा धरणार? मुद्रण इथून बाहेर जाणार नाही. इथेच ऐका."

मालकीणबाईंचा आवाज स्वच्छ होता. शब्दांमधल्या जागांत आणि शब्दांच्या खालीही बारीक सरसर होती, शेजारच्या घरात नळ उघडा राहिल्यासारखी.

"ही सरसर त्यांच्याच फोनची खूण आहे," अधिकारी म्हणाला. "तज्ज्ञ म्हणतात, ती कुठेही तुटत नाही. म्हणजे जोडाजोड नाही."

जावयाचा चेहरा पडला. "आई, संपलंच की मग!"

"तुमचं फार लवकर संपतं, जावईबापू. चला."

कंपनीत सासूबाईंनी तिघांनाही एकच प्रश्न विचारला. ही सरसर काय भानगड आहे?

हेल्पलाइनवरची ताई हसली. "इंटरनेटच्या फोनवर समोरचा गप्प बसला की ठार शांतता. आजोबांना वाटतं, फोन तुटला, आणि ते ठेवून देतात! म्हणून ही सरसर. मी त्यांना सांगते, ती आली की समजा, नातू ऐकतोय."

दिरांनी कानावरचा हेडफोनही काढला नाही. "माझीच कारागिरी. समोरच्याने तोंड उघडलं की ती बंद होते, नाहीतर शब्द गढूळ होतात. वहिनींचा परवाना जाणार नाही ना हो?"

भागीदार विक्री बघत. त्यांच्यापुढे जावयाने चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा मिटलं.

"सरसर? अहो, ती तर आमची शान! फोन लागल्यापासून ठेवेपर्यंत अखंड! मी दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलतो, मला नाही माहीत तर कुणाला? वाईट वाटतं हो वहिनींचं. पण नाहीच मिळाला परवाना, तर कंपनी घ्यायला माणूस उभा आहे, मी बोलून ठेवलंय, स्वस्तात जाईल, पण..."

सासूबाईंनी त्यांना पोटभर बोलू दिलं.

सुनावणीला सगळे जमले. सासूबाईंनी मालकीणबाईंना शेजारच्या खोलीत बसवलं, तिथून कंपनीच्या फोनवरून अधिकाऱ्याला फोन लावायला लावला, आणि इकडचा स्पीकर चालू केला. आधी नुसती सरसर आली.

"बोला, बाई."

"परवाना मिळायलाच हवा."

आवाज सुरू होताच सरसर थांबली. वाक्य संपलं, सरसर परत आली.

"आता ते मुद्रण लावा, साहेब. शब्दांच्या खालीही सरसर वाहतेय. अस्सल फोनवर ते होऊच शकत नाही. शब्द तुकड्यांनी जोडले, आणि सांधे झाकायला सरसर वरून पसरली. तज्ज्ञ फसले ते त्यामुळे. पण हे करणाऱ्याला ती कधी थांबते हेच माहीत नव्हतं. दिरांना माहीत आहे, ताईंना माहीत आहे."

"काहीतरीच!" भागीदार उसळले. "सरसर बोलतानाही असतेच! मी रोज ऐकतो!"

"ऐकत असणारच. समोरचा गप्प असला की ती वाजते. आणि तुम्ही समोरच्याला बोलू देताच कधी? तुमच्या कानाला ती अखंडच!"

जावयाला एकदम लख्ख दिसलं, आणि अभिमानाने त्याची छाती फुगली.

"कंपनी पडेल भावात जावी म्हणून हा घाट," सासूबाई म्हणाल्या. "माणूस तुम्हीच उभा केला होतात ना?"

भागीदारांची नजर स्पीकरकडे गेली. वाजत राहिली ती त्यावरची सरसर. पलीकडे मालकीणबाई ऐकत होत्या.

मग सरसर थांबली.

"भागीदार," त्या हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं तुम्ही जे विकलंत, ते एकदाही ऐकलं नाहीत."

भागीदारांनी मान खाली घातली आणि सगळं कबूल केलं. अधिकाऱ्याने अटी पहिल्यापासून पुन्हा तपासल्या, रुग्णवाहिकेचा नंबर स्वतः लावून पाहिला, मगच परवान्यावर सही केली. दीर रडले. ताईने हेल्पलाइन उघडली, तर एक आजोबा आधीपासूनच वाट बघत होते.

परतीच्या वाटेवर जावई गाडी चालवत होता. आपल्या सासूसारखं माणूस दुसरं नाही, हे त्यांना सांगावं कसं, या विचारात तो गप्प होता.

"काय हो जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "फोन तुटला की काय?"

त्याने रस्त्यावरची नजर न हलवता ओठ मिटून बारीक आवाज काढला, "सsssर..."

"हां," सासूबाई समाधानाने मागे टेकल्या. "म्हणजे ऐकताय."