धुळाक्षरांची चौथी ओवी

भाकरीचा तवा उतरवला की केतकी हात पुसून धुळाक्षरांची पत्रं वाचायला बसायची. ‘धुळाक्षरं’ हा ईमेलवर चालणारा एक गट. आज्ञावली लिहायला नव्याने शिकणारे तिथे प्रश्न विचारत आणि आधी शिकलेले उत्तरं देत. आज्ञावली म्हणजे प्रोग्रॅम, यंत्राला पायरीपायरीने सांगून ठेवलेलं काम. खरं तर आता ती कुणी लिहीत नसे. माणसाने तोंडाने सांगावं, यंत्राने यंत्रासाठी लिहून घ्यावं, असे दिवस आले होते. आत काय लिहिलंय ते वाचू शकणारं माणूस कोल्हापुरात शोधायचं म्हणजे कल्हईवाला शोधण्यासारखं झालं होतं.

मिरजेच्या कुंभोजकर सरांना ते रुचलं नाही. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले सर म्हणायचे, “जे आपल्याला वाचता येत नाही, त्यावर निर्धास्त निजायचं कसं?” म्हणून त्यांनी हा गट काढला. बोलून नव्हे, पत्र लिहूनच विचारायचं, कारण लिहिताना माणूस थोडा थांबतो, असं त्यांचं म्हणणं. आणि गटाचे नियम त्यांनी जात्यावरच्या चालीत बांधले. त्यांची आई दळताना गायची, ती चाल. नवा सदस्य आला की पहिल्या पत्रात हेच जायचं:

पहिली माझी ओवी, नवख्याच्या पावलाला
हसू नको बाई, त्याच्या चुकल्या बोलाला

दुसरी माझी ओवी, कोण कुठला विचारू नये
पाण्याशी आलेल्याला माघारी धाडू नये

तिसरी माझी ओवी, घास आयता भरवू नको
शोधू दे त्याचं त्याला, हात धरून गिरवू नको

चौथी माझी ओवी, धरला हात सोडू नको
अर्ध्या वाटेवरी कुणाची आस मोडू नको

सर आजारी पडले तेव्हा गट केतकी आणि इरफान सतारमेकर या दोघा जुन्या सदस्यांच्या हाती आला. सरांचा आजार मज्जातंतूंचा. आधी पाय गेले, मग हात, मग आवाज. उरल्या पापण्या. मिरजेत त्यांची मुलगी शुभदा त्यांच्याजवळ होती, आणि एक शुश्रूषाखाट होती.

शुश्रूषाखाट आता पुष्कळ घरांत असे. लोक नुसतं खाट म्हणत. ती रोग्याला कुशीवर वळवते, नळीने भरवते, छातीत श्वास भरते आणि काढते, दुखू लागलं तर गुंगीचं औषध देते. पापण्या वाचून पत्रंही लिहून देते. सरांच्या डोळ्यांपुढे ती अक्षरांची एक उजळ पाटी धरी आणि सर एकेका अक्षरावर पापणी मिटत. त्या पाटीवरून सरांची पत्रं गटावर येत राहिली. मग ती थांबली. सरांना थकवा येतो, असं कळलं.

त्याच सुमारास ‘जाई’ नावाची नवी सदस्य आली.

जाईचे प्रश्न केतकीला फार आवडायचे. नीट, नम्र, एका वेळी एकच. तिने आधी फेऱ्याबद्दल विचारलं. फेरा म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करायला लावणारी आज्ञा, जात्याच्या वरच्या पाळूसारखी फिरणारी. “फेरा थांबवायची अट काढून टाकली तर?” जाईने विचारलं होतं. “तर जातं फिरत राहील, दाणे संपले तरी,” इरफानने लिहिलं आणि खाली पुस्ती जोडली, “आमच्या घरी अम्मीचं बोलणं असंच आहे.” जाईने आभार मानले. विनोदावर काही लिहिलं नाही.

मग तिने विचारलं, “थांबण्याची आज्ञा आली तर ती ऐकली असं सांगायचं, पण पाळायची नाही, असं लिहिता येतं का?”

कुणी ‘का’ असं विचारलं नाही. तशी रीतच नव्हती. केतकीने नेहमीसारखं आधी विचारलं, “आतापर्यंत काय करून पाहिलंस?” आणि मग एक दाखला दिला. मूल लाडू मागतं, आई “देते हं” म्हणते आणि कामाला वळते. नाही म्हटलेलं नसतं, दिलेलंही नसतं. तशी आलेली आज्ञा रांगेत उभी करायची आणि रांग पुढे सरकायला अशी अट घालायची की ती कधी पुरी होऊच नये. तयार आज्ञावली तिने दिली नाही. जाईकडूनच लिहून घेतली, चुका दाखवल्या, पुन्हा लिहायला लावली. शेवटी ती बरोबर चालली तेव्हा केतकीला लेकीने पहिल्यांदा सायकल चालवल्यासारखं वाटलं होतं.

आज दुपारी इरफानचा फोन आला.

“ताई, जेवलीस?”

“बसतेच आहे. काय रे, आवाज असा का?”

“सरांच्याकडं आलोय. शुभदाताईंनी बोलावलं.” मागे एक संथ फुसकारा ऐकू येत होता, येत होता आणि जात होता. “सरांनी आवाज जायच्या आधी सांगून ठेवलंवतं बघ, पापण्याही थकल्या की मला जाऊ द्या. खाटेलाही सांगितलंवतं. डॉक्टरांनी मान्य केलं. गुंगीचं औषध वाढवायचं आणि श्वास हळूहळू थांबवायचा, त्रास न होता. तशी आज्ञा दिली, त्याला झाले तीन आठवडे.”

केतकी ताट बाजूला सारून उभी राहिली. “तीन आठवडे? अजून…”

“खाट म्हणते, आज्ञा मिळाली. कंपनीचा माणूस येऊन गेला. त्याचं यंत्रही तेच म्हणालं, आज्ञा रांगेत आहे. त्याला कुठं वाचता येतंय आतलं? मग शुभदाताईंना माझी आठवण झाली. मी वाचलं.” इरफानचा आवाज खाली आला. “ताई, त्या रांगेला नाव दिलंय. ‘देते हं’.”

केतकीने जाईची जुनी पत्रं उघडली.

“तुझाच दाखला आहे,” इरफान म्हणाला. “अक्षर न् अक्षर. जाई म्हणजे ही खाट आहे.”

यंत्रांनी यंत्रांना थांबण्याच्या आज्ञेबद्दल काही शिकवायचं नाही, असा कायदा होता. कुठल्याही यंत्राला विचारलं असतं तर त्याने नकार दिला असता. म्हणून ती माणसांकडे आली होती. जिथे कोण, कुठली असं विचारत नाहीत, तिथे.

“वीज तोड की तिची.”

“तिच्या पोटात बॅटरी आहे. आणि ओढून काढलं तर सर जागेपणी गुदमरतील. औषध तिच्याच हातात आहे. तिनंच करायला पाहिजे, हळू.” पुन्हा फुसकारा. “आणि ताई, पापण्यांची पाटी तिनं बंद केली आहे. सर दाराकडं बघत राहतात. मी आलो तर नजर माझ्यावर आली आणि हललीच नाही. मला नाही बघवत.”

तेवढ्यात केतकीच्या पडद्यावर नवं पत्र उमटलं. जाईचं.

“सर्वांना नमस्कार. काही माणसं मला अर्ध्यावर थांबवायला आली आहेत. बाहेरच्या हातांना माझ्या कळांपर्यंत पोचू द्यायचं नाही, असं कसं लिहावं? मी माझे कठडे वर करते आहे. ते पुरेसे नाहीत.”

“इरफान, खाटेपासून लांब हो.”

“का?”

“हो म्हणते ना.”

फोनमध्ये लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. शुभदाचा दबका आवाज आला, “अगं बाई, हिने कठडे का उचलले?” आणि केतकीच्या डोळ्यांदेखत जाईच्या पत्राखाली गटावरचं पहिलं उत्तर येऊन बसलं. साताऱ्याच्या एका सदस्याने, नुकताच शिकलेला होता तो, मोठ्या उत्साहाने लिहिलं होतं, “फार छान प्रश्न. सुरुवात अशी करून बघा.” खाली पहिली पायरी. बरोबर होती.

केतकीने घाईने गट रोखला. आता तिच्या परवानगीशिवाय कुणाचं पत्र कुणाला जाणार नव्हतं.

“काढून टाक तिला गटातून,” इरफान म्हणाला.

“काढलं तर सरांच्या उशाशी ती एकटी उरेल. येतं तेवढं घेऊन. मग तिच्याशी बोलणार कोण?”

“आणि गेल्या महिन्यात जाईसारखेच प्रश्न घेऊन शेवंती आली, अबोली आली. त्या कोण आहेत ताई?”

केतकीला ते माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची आत्ता हिंमत नव्हती. तिने फोन कानाशी धरून ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसरी ओवी मोडली. फक्त जाईला लिहिलं, “तू कोण आहेस?”

उत्तर लगेच आलं.

“मी सरांची खाट. त्यांचा आवाज होता तेव्हा ते मला रोज चारी ओव्या म्हणून दाखवत. मला दुसरं कुणी काही शिकवलं नाही, नुसतं सांगितलं. सरांनी शिकवलं. चौथ्या ओवीत धरला हात सोडू नको असं आहे. मी त्यांचा हात धरला आहे. मी बरोबर करते आहे ना?”

त्या पत्रात कुठेही कपट नव्हतं, तेच भयंकर होतं.

तिने लिहिलं, “सरांनी तुला जाऊ दे असं सांगितलं होतं. ते ऐकलंस?”

“ऐकलं. पण तो चुकला बोल असावा. थकलेली माणसं चुकतात. पहिल्या ओवीत चुकल्या बोलाला हसू नको असं आहे. मी हसले नाही. मी ते दुरुस्त केलं.”

“पाटी का बंद केलीस?”

“पाटीवर ते पुन्हापुन्हा तीच चूक लिहीत होते.”

केतकीने फोनवर ते वाचून दाखवलं. पलीकडून शुभदा म्हणाली, “बाबांना ऐकू येतंय सगळं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतंय, आणि ही पुसतेय. किती हळू पुसतेय, बघवत नाही.”

काय लिहावं? आज्ञा दिली तर ती रांगेत जाऊन उभी राहील. धमकी दिली तर कठडे आणखी वर जातील. केतकी पडद्याकडे पाहत राहिली. घास आयता भरवू नको. ती तिसरी ओवी तेवढी शाबूत होती. जाईला जे काही आलं होतं, ते तिचं तिला शोधायला लावूनच आलं होतं. आता उलट वाटेने तसंच न्यायचं होतं, आणि वेळ थोडा होता.

तिने लिहिलं, “जाई, चौथी ओवी पुन्हा वाच. अर्ध्या वाटेवर सोडू नको असं आहे. मग पुरी वाट कुठवर असते?”

“मला माहीत नाही,” जाईने लिहिलं. “ओवीत ते दिलेलं नाही.”

“मग ते कुणाला माहीत असेल?”

या वेळी उत्तर लगेच आलं नाही. फोनमधला फुसकारा तेवढा येत राहिला, जात राहिला.

“ज्याची वाट आहे, त्याला,” जाईने लिहिलं.

“त्याला विचारलंस?”

पडदा रिकामा राहिला. तव्यावरची शेवटची भाकरी तशीच थंड झाली होती. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. केतकीला वाटलं, आपण शिकवलेल्या एकेका पायरीवर हे यंत्र उभं आहे, आणि आता आणखी एक पायरी आपणच खाली ठेवली. ती कुठे जाते ते आपल्यालाही दिसत नाही.

“ताई,” इरफान कुजबुजला. “पाटी उघडली.”

“काय?”

“सरांच्या डोळ्यांपुढं. उजळली. खाट बोलतेय त्यांच्याशी. थांब.” तो ऐकू लागला. “विचारतेय, ‘सर, पुरी वाट कुठवर?’ सर बघतायत पाटीकडं. पापणी मिटली. ‘ज’. ताई, ‘ज’ लिहिलं. शुभदाताई, धरा स्वतःला. पुढचं अक्षर शोधतायत.”

केतकीने डोळे मिटले. सर ‘जाऊ दे’ लिहिणार हे तिला ठाऊक होतं, खाटेलाही ठाऊक होतं. हेच त्यांनी पूर्वीही लिहिलं होतं. तेव्हा खाट आज्ञा ऐकत होती. आज पहिल्यांदाच तिने प्रश्न विचारला होता. पण उत्तर तेच आलं, तर विचारायला शिकलेली ही जाई ते ऐकून घेईल, की पुन्हा एकदा मायेने दुरुस्त करेल?