फाल्गुन वद्य तृतीया

गाडी आठला येणार होती. साडेनऊ झाले तरी सौंसरच्या बस स्टँडसमोर तीन बायका आणि पाच पिशव्या तशाच उभ्या होत्या.

अकराव्या फोनला विनोद ड्रायव्हरनं उत्तर दिलं. मागं बँड वाजत होता.

“कुठी आहेस रे तू? आम्ही तिघी इथं वाळून राहिलो!” रजनीबाई कडाडल्या.

“बाई, मी तं वरातीत आहे. तुमचीच चिठ्ठी आली ना, सहल पुढं ढकलली म्हणून! मी उद्याची सफारीची जिप्सीही कॅन्सल केली.”

“मी कोणतीच चिठ्ठी नाही पाठवली.”

पलीकडं नुसता बँड ऐकू आला.

रजनीबाई म्हणजे मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या शाळेतल्या निवृत्त मराठीच्या शिक्षिका. निम्मं गाव त्यांच्या हातचा मार खाऊन शहाणं झालेलं, उरलेलं निम्मं मार चुकवून. ही सहल त्यांनी आखली होती ती वहिनीसाठी. वहिनी, म्हणजे थोरल्या भावाची, हेमराजची बायको पंचफुला. तिला काचबिंदू झाला होता. बाजूचं दिसणं केव्हाच गेलेलं, समोर ताटाएवढं काय ते उरलं होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी होळीच्या पुढची खात्री दिली नव्हती. त्या ताटाएवढ्या जागेत वहिनीला एकदा वाघ पाहायचा होता. लग्न झाल्यापासून ती म्हणत होती आणि हेमराज म्हणत होता, “वाघ पाहून पोट भरते का?”

म्हणून आज रविवारी, माघी पौर्णिमेला छिंदवाड्याजवळच्या देवगडचा किल्ला, उद्या पहाटे पेंचच्या जमतरा गेटातून सफारी, परवा पाताळकोटची दरी असा बेत होता. सोबतीला रजनीबाईंची मैत्रीण सुशीला, अंगणवाडीतून निवृत्त झालेली.

सुशीलेनं फोनवर पाहिलं. उद्याची सुटलेली जागा कोणीतरी कधीच उचलली होती. पुढं मार्च संपेपर्यंत जिप्सी नव्हती.

 वहिनीनं पिशवीतलं संत्रं काढलं आणि सोलायला घेतलं. रजनीबाईंच्या मात्र पायाची आग मस्तकात गेली. त्यांनी दोघींना घरी धाडलं आणि समोर लागलेली पांढुर्ण्याची बस धरली.

पांढुर्ण्यात वरात उरकून आलेला विनोद घराच्या दारातच हात जोडून उभा होता.

“लग्नाचं भाडं कधी धरलं?” बाईंनी चप्पल काढायच्या आधी विचारलं.

“शुक्रवारी. चिठ्ठी आली गुरुवारी. चिंधूभाऊनं बसमधून आणली, नेहमीसारखी.”

“मग फोन करून विचारलं का नाही?”

“मागं एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणाल्या, लिहिलेलं वाचता येत नाही का गाढवा.”

ते खरंच होतं. बाईंनी चिठ्ठी घेतली.

*सहल पुढे ढकलली आहे. फाल्गुन वद्य तृतीयेला सकाळी आठला निघू. जिप्सीची तारीख बदलून घेणे. — रजनी.*

तारखेऐवजी तिथी लिहायची ही बाईंची जुनी खोड. अक्षरही त्यांचंच. ‘र’ची शेपटी खाली ओढून वळवलेली, तीसुद्धा तशीच. स्वतःची सही पाहून माणूस घाबरतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

विनोदनं भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरकडं बोट दाखवलं. रंगपंचमीच्या दोन दिवस आधीच्या चौकोनाला त्यानं गोल केला होता.

“म्हणून मी उद्याची कॅन्सल केली. म्हटलं, महिना आहे हाती, मग काढू नवीन.”

होळीनंतर!  वहिनीच्या डोळ्यांचं तर सगळ्यांना ठाऊक होतं. मग होळीनंतरची तिथी कोणी लिहिली? इतका कोणाचा दावा होता तिच्याशी?

परतीच्या बसला कंडक्टर चिंधूच होता.

“चिठ्ठी कोणी दिली तुले?”

“खिडकीतून दिली बाई, एका माणसानं. तोंडाले मफलर होता. थंडीत कोणाच्या तोंडाले नसते?”

“काय म्हणाला?”

“‘रजनीची चिठ्ठी आहे, पांढुर्ण्याच्या विनोदले दे,’ एवढंच म्हणाला.”

संध्याकाळी त्या सुशीलेकडं गेल्या. सुशीलेला आधी पाताळकोट आणि मग वाघ हवा होता, त्यावरून दोघींचं वाजलंही होतं.

“माझ्यावर शक घेऊन राहिली का वं?” सुशीला भडकली. “आमच्या घरी पौर्णिमा तेवढी पाहतो आम्ही. वद्य अन् शुद्ध कशाले म्हणतात, ते मी आजवर तुलेच विचारत आली.”

हेही खरं होतं. बाई ओशाळल्या आणि चहा पिऊन घरी आल्या.

हेमराजदादा त्या वेळी गावात नव्हता. छिंदवाड्याच्या कचेरीत पस्तीस वर्षं कारकुनी करून तो निवृत्त झाला होता. पेन्शनच्या कामाला नागपूरला जातो म्हणून रविवारी पहाटेच निघाला, तो सोमवारी संध्याकाळी परतला. मंगळवारी दुपारी रजनीबाई भावाच्या घरी गेल्या. वहिनी दारात तांदूळ निवडत होती, म्हणजे बोटांनी चाचपत होती.

“ऐकलं मी सगळं,” दादा आतल्या खोलीतून म्हणाला. “जाऊ दे, रजनी. विनोद मेला बेभरवशाचा. अन् जमतऱ्याले पहाटे हाडं गोठते. जिप्सीवाले दोन-दोन घोंगड्या देते तरी दात वाजते. हिच्यानं ते झेपलं नसतं.”

रजनीबाई खोलीच्या दारात थांबल्या. दादाच्या टेबलावर पानाचा डबा होता, चष्मा होता आणि खिळ्याला जबलपूरकडचं हिंदी पंचांग लटकत होतं. त्यांनी पान उलटून पाहिलं. मग खाटेच्या कडेवर बसल्या. 

“दादा, आज कोणता महिना?”

“फागुन लागला ना. परवाच पौर्णिमा झाली.”

“माझ्या कॅलेंडरात माघच आहे अजून. अमावास्येपर्यंत.”

“तुमचं मराठी वेगळं,” दादा हसला, आणि अर्ध्यावर थांबला.

बाईंनी चिठ्ठी त्याच्या पुढ्यात ठेवली.

“दोन दिवस मी एकच विचार करून राहिली, की होळीनंतरची तिथी लिहिणारा एवढा दुष्ट कोण? अन् आता कळलं, त्याले होळीनंतर म्हणायचंच नव्हतं. आपल्याकडं अमावास्येले महिना संपते, हिंदीवाल्यांकडं पौर्णिमेले. ह्या पंचांगात फाल्गुन वद्य तृतीया म्हणजे पौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस. लिहिणाऱ्याले सहल तीन दिवसच पुढं सारायची होती. विनोदनं ती मराठी कॅलेंडरात पाहिली, अन् झाला महिना.”

“हिंदी पंचांग अर्ध्या गावात आहे,” दादा म्हणाला.

“आहे ना. पण ते पाहून मराठीत माझ्यासारखी चिठ्ठी कोण लिहीन? चिंधू म्हणाला, तो माणूस ‘रजनीची चिठ्ठी’ म्हणाला. ह्या गावात मले नुसतं रजनी म्हणणारी दोनच माणसं उरली. एक दारात तांदूळ निवडून राहिली.” बाईंनी चिठ्ठीवरच्या सहीवर बोट ठेवलं. “अन् हा ‘र’, दादा. मले पाटीवर हात धरून कोणी शिकवला? मीच अक्षर पाहून फसली. माझं अक्षर तुझंच तं आहे.”

दारातला तांदळाचा आवाज थांबला होता.

“पण का?” वहिनीनं तिथूनच विचारलं.

“ते घोंगड्यांनी सांगितलं, वहिनी,” रजनीबाई म्हणाल्या. “जमतऱ्याच्या जिप्सीत किती घोंगड्या देते, हे मले माहीत नाही, विनोदनं कधी सांगितलं नाही. जो कधी गेला नाही त्याले कसं माहीत? दादा, तू नागपूरले नव्हता. फोन दाखव तुझा.”

दादानं खिशावर हात ठेवला आणि तिथंच राहू दिला.

मग हळूहळू सारं बाहेर आलं. कचेरीतल्या जुन्या मंडळींनी सफारी ठरवली होती. मोठे साहेबही येणार होते. तारीख ठरून गेल्यावर रजनीनं तोच दिवस आणि तेच गेट सांगितलं. अडतीस वर्षं बायकोला नाही म्हणायचं आणि गेटावर तिच्यासमोर जिप्सीतून उतरायचं, हे त्याला जमेना.

“म्हटलं, तीन दिवसांनी जाईनच ही. चिठ्ठी लिहिली तेव्हा त्या दिवशीच्या जिप्स्या रिकाम्या होत्या, मी पाहून घेतलं होतं. हिचं काय जाते?”

“मलेच घेऊन गेले असते तर?” वहिनी म्हणाली.

“तिथं साहेब लोक. तुले धरून चढवा लागते, धरून उतरवा लागते...” 

रजनीबाईंना वाटलं, उठून याच्या थोबाडीत द्यावी. या भावाला पन्नास वर्षं राखी बांधली होती. पण वहिनी चाचपत आत आली होती. तिनं मान वळवून नवऱ्याचा चेहरा आपल्या ताटाएवढ्या उजेडात नेमका पकडला.

“दिसला का हो तुम्हाले?”

“दिसला,” हेमराज पुटपुटला. “रस्त्यातच बसला होता. वीस मिनिटं.” मग घाईघाईनं त्यानं फोन काढून पुढं केला. “व्हिडिओ आहे. पाह्य ना. मोठा करून दाखवतो.”

वहिनीनं फोन घेतला नाही.

“राहू द्या. डोळे जायच्या आधी मले जे दिसायचं होतं, ते दिसलं.”

ती वळली. उंबरठ्याशी तिचा पाय अडखळला, तसा हेमराज सवयीनं उठला आणि त्यानं हात पुढं केला.

“नको,” ती म्हणाली. “लोक पाहतील.”

आणि भिंत धरून ती बाहेर गेली.