शेकाची शेगडी

ही कानोकानी आलेली गोष्ट नाही. ज्यांनी त्या दिवशी दाराची कडी काढली ते गुणाजी अजून डिलाईल रोडच्या त्याच चाळीत राहतात. विचारलंत तर तारीखही सांगतील. सोळा डिसेंबर २०२१. मार्गशीर्षातला गुरुवार. दुपारचे तीन.

भर दिवसा घडलंय हे.

दुसऱ्या मजल्यावर गुणाजींच्या शेजारी सुभद्राची खोली. दहा बाय बाराची, एकच. मुलगा निलेश कुरियरच्या कामाला. सून अक्षदा बाळंत होऊन अठरा दिवस झालेले. मुलगी झाली होती. अक्षदाचं माहेर नाशिककडचं, पण आई नव्हती. एक बहीण, मानसी, ती शीवला. म्हणून बाळंतपण सासरीच.

सुभद्राने माळ्यावरची लोखंडी शेगडी काढली. रोज दुपारी रसरसलेले निखारे, वर ओवा आणि बाळंतशेपा, आणि शेगडी कॉटखाली. वारा लागू नये म्हणून दार-खिडकी बंद.

हॉस्पिटलातल्या नर्सने अक्षदाला बजावलं होतं. बंद खोलीत कोळसा पेटवायचा नाही. त्याच्या वायूला ना वास, ना रंग. माणूस झोपतो, तो उठतच नाही.

तिने ते सासूला सांगितलं. सुभद्रा म्हणाली, माझा निलेश याच शेगडीवर वाढला. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, महिन्याभराचा तर प्रश्न आहे, आईचं मन कशाला मोडतेस.

एक गोष्ट मात्र सुभद्राने दोघांनाही सांगितली नव्हती.

याच खोलीत, १९८८ साली, तिची जाऊ गेली होती. आनंदी. तीही ओली बाळंतीण. शेगडी सुभद्रानेच ठेवली होती. संध्याकाळी दार उघडलं, तर आनंदी आणि तिचा बारा दिवसांचा मुलगा, दोघंही झोपल्यासारखे...

गार पडलेले.

चाळ म्हणाली, बाहेरची बाधा. डॉक्टर म्हणाले, कोळसा. सुभद्राने बाधा धरली. तेच सोपं होतं.

त्या गुरुवारच्या आदल्या दिवशी अक्षदाने गुपचूप खिडकी उघडली होती. सुभद्राच्या ते लक्षात आलं. गुरुवारी तिने खिडकीच्या चौकटीत लांब खिळा ठोकला. फटींत चिंध्या कोंबल्या. डोळ्यांना ताण नको म्हणून अक्षदाचा मोबाईल काढून घेतला. शेगडी कॉटखाली सरकवली, बाहेर आली...

आणि दाराला बाहेरून कडी घातली.

मग ती गॅलरीत मेथी निवडत बसली. संध्याकाळी लक्ष्मीची पूजा होती.

थोड्या वेळाने दारावर थाप पडली.

"आई, दार उघडा. डोकं गरगरतंय."

सुभद्राने मान वर केली नाही. "पडून राहा गो. नाटकं नकोत."

पुन्हा थाप. मग दारावरून काहीतरी घासत खाली गेल्यासारखा आवाज. मग काहीच नाही.

सुभद्राला बरं वाटलं. आली वठणीवर, असं ती मनात म्हणाली.

गॅलरीत कोणी नव्हतं. खाली कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली, तेवढीच.

आणि मग आतून...

अंगाईचा आवाज आला.

हळू. दाराच्या अगदी जवळून. सुभद्रा हसलीसुद्धा. डोकं गरगरणारी बाई गाते कशी, म्हणून.

"नीज रे झिला... नीज रे..."

तिच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

अक्षदाला मालवणीचा एक शब्द येत नव्हता. आणि आत मुलगी होती. झिला म्हणजे लेका. ते कुणाला म्हणतंय?

तिने कान दिला. 'नीज' म्हणताना तो आवाज दर वेळी किंचित फाटत होता. हा आवाज तिने बारा दिवस ऐकला होता. तेहेतीस वर्षांपूर्वी.

कडी तिच्या हाताच्या अंतरावर होती.

तिने ती काढली नाही.

हे तिने नंतर गुणाजींच्या बायकोला, राधाला, स्वतःच्या तोंडाने सांगितलं. दार उघडलं तर समोर आनंदी उभी असेल, याची भीती वाटली. सून आत आहे, नात आत आहे, हे कळत होतं. तरी ती बसून राहिली. पाऊण तास.

गाणं चालूच होतं.

मग ते थांबलं. आणि दाराच्या फटीतून कुणीतरी शांतपणे म्हणालं...

"वैनी, आता तू आत ये."

गुणाजी जिना चढून वर आले तेव्हा सुभद्रा भिंतीला चिकटून उभी होती. मांडीवरची भाजी सगळी खाली सांडलेली. सून कुठे, असं त्यांनी विचारलं. तिने दाराकडे बोट केलं. गुणाजींनी कडी काढली. दार ढकललं, तर ते जड लागलं.

अक्षदा दाराला टेकून पडली होती. हाताची नखं तुटलेली.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, ती जाऊन अर्ध्या तासाच्या वर झालं असावं.

बाळ कॉटवर नव्हतं.

ते पलीकडे ओट्यावर होतं. खिडकीखाली. दुपट्यात नीट गुंडाळलेलं, तोंड खिडकीकडे. जिवंत. आणि खिडकी...

सताड उघडी होती.

चिंध्या घडी घालून बाजूला ठेवलेल्या. शेजारी तो खिळा. न वाकता, सरळ निघालेला. गुणाजी गिरणीत फिटर होते. ते सांगतात, तसा खिळा पक्कडीशिवाय निघत नाही. घरात पक्कड नव्हती. आणि अठरा दिवसांच्या बाळंतिणीला तो हाताने उपटता आला असता, तर ती स्वतः दाराशी का मेली?

पोलिसांनी अपघाती मृत्यू नोंदवला. दार नुसतं लोटलेलं होतं, असं सुभद्राने लिहून दिलं. गुणाजींनीही कडीचं नाव काढलं नाही. का, ते विचारलं की ते विषय बदलतात.

निलेशने मुलगी मानसीकडे शीवला दिली. तो त्या खोलीत परत राहिला नाही. आईशी बोलतही नाही.

मागच्या वर्षी सुभद्रा एकदाच नातीला बघायला गेली. आरोही तिचं नाव. तीन वर्षांची. मानसीने नाइलाजाने दार उघडलं, आजीला आत घेतलं आणि लगेच दार लावलं.

आरोही आजीकडे बघतच नव्हती. ती लावलेल्या दाराकडे बघत होती. मग तिने मावशीचा हात ओढला.

"मावशी, हिच्यासोबत आलेल्या बाईला बाहेर का ठेवलंस?"

मानसीने दार उघडून पाहिलं. जिन्यात कोणी नव्हतं.

सुभद्रा चहा न घेता उठली. पण बाहेर काही तिला पडवेना. उंबऱ्याच्या आत ती तासभर उभी होती. शेवटी मानसीनेच तिला दंडाला धरून बाहेर काढलं...

आणि आतून कडी घातली.