दुसऱ्याची खूण

मिरजेच्या डायलिसिस केंद्रात रक्त गाळणाऱ्या नव्या चाळण्या बसल्यापासून रुग्णांच्या गप्पा बदलल्या होत्या. अंगातला दाह नेमका कुठून येतो, हे आता प्रत्येक खुर्चीजवळच्या पडद्यावर दिसे.

"माझ्या हिरड्या पेटल्यात म्हणे," पलीकडचे आजोबा हसत सांगत होते. "बायको ओरडून थकली, तंबाखू सुटली नाही. यंत्रानं चारचौघांत अब्रू काढली, तेव्हा सुटली!"

भरतेशने मात्र आपला पडदा भिंतीकडे फिरवला होता. आज सोबत थोरली बहीण पद्माक्का आली होती. तिनेच त्याला आपले एक मूत्रपिंड दिले होते. ते बंद पडून पुन्हा डायलिसिस सुरू झाले, तरी तो तिला सांगत राहिला, "अर्धं चालतंय, अक्का." त्याला पाणी मोजून प्यावे लागे, म्हणून ती रोज एक तांब्या जास्त पिई. "तुझ्या वाटचं," म्हणे.

"याला जेवण का जात नाही गं?" अक्काने तंत्रज्ञ शाहीनला विचारले. "हाताच्या काड्या झाल्यात."

"दाहामुळे, मावशी. रक्त या बारीक नळ्यांतून फिरतं, तेव्हा शरीराला वाटतं कुणी परकं शिरलं. ते धोक्याचे निरोप सोडतं. थोडे सगळ्यांचेच सुटतात. यांचे थांबतच नाहीत. त्यानं भूक मरते, स्नायू झिजतात, हृदयही थकतं."

"पण येतात कुठून?"

"मरणाऱ्या पेशी आपली ओळख सांगणारे तुकडे रक्तात टाकतात. चाळणी ते वाचते." शाहीनने पडदा वळवला. "यांच्यात दुसऱ्याच माणसाची खूण सापडते. ती जिथून येते ते काढून टाकलं की..."

भरतेशचा चेहरा पाहून ती थांबली.

"दुसऱ्या कुणाची?" अक्काने विचारले.

भरतेशने पडदा पुन्हा भिंतीकडे फिरवला. अक्काचा हात आपसूक कमरेच्या व्रणावर गेला. तिने पदर ओढून घेतला, जणू तिथे काही घाण लागली होती.

"माझंच वाईट निघालं का रे? आणि मी गावभर सांगत फिरले, भावाला मी वाचवलं म्हणून."

एवढ्यावर गप्प बसणे सोपे होते. मागच्या खेपेला डॉक्टरांनी ते काढायच्या शस्त्रक्रियेचे विचारले, तेव्हाही तो असाच गप्प बसला होता. पण आता अक्का त्याच्यापुढे मान खाली घालून बसली होती, आणि ते त्याला बघवेना.

"चांगलं होतं, अक्का. मला बरं वाटायला लागलं आणि मी गोळ्या सोडल्या. गोळ्यांविना शरीरानं ते नाकारलं. पार बंद आहे ते. अर्धंबिर्धं काही नाही."

अक्का रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. तो नळ्यांतून फिरणाऱ्या रक्ताकडे बघत राहिला.

अक्का शाहीनकडे वळली.

"पार बंद आहे म्हणतो. मग माझ्या खुणेचे तुकडे अजून कसे येतात? मरायलाही काही उरलंय, म्हणजे ते अजून जिवंत आहे का गं?"