येतो म्हणून गेले

त्या घराण्यातल्या माणसांना निघताना ‘जातो’ म्हणायची खोड होती, आणि त्यापायी ती सगळ्या गोतावळ्यात बदनाम होती. आपण कितीही लांब निघालो तरी ‘येतो’च म्हणतो. जाणं तोंडातून काढायचं नाही, हे आपल्याला कुणी वेगळं शिकवावंही लागत नाही. ही माणसं मात्र लग्नाचा मांडव असो की आजाऱ्याची खाट, उठली की सरळ “बरं, जातो” म्हणून पायांत चपला सरकवायची. मागे उरलेली माणसं एकमेकांकडे बघत बसायची.

त्याच घरातल्या कानामात्रालाही लहानपणी तीच सवय होती. कानामात्रा हे तिचं छापखान्यातलं नाव. तेहतीस वर्षं तिनं मुद्रितं तपासली, आणि एवढ्या वर्षांत कान्याची मात्रा झालेली तिच्या नजरेतून सुटली नाही, म्हणून खिळे जुळवणाऱ्यांनी ते ठेवलं. सासरी आल्यावर सासूनं तिची खोड महिन्याभरात मोडली. धाकट्या भावाची मात्र कुणालाच मोडता आली नाही. पन्नाशीला टेकला तरी घरातून निघताना तो “जातो गं” म्हणायचा, आणि त्याची बायको बावीस वर्षं रोज कपाळाला हात लावत होती.

हा धाकटा आजारी पडला. छातीचं दुखणं. चार पावलं चालला की धाप लागायची, जेवण तर जवळजवळ सुटलंच होतं. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलं. डॉक्टर म्हणाले, “हमी देत नाही. घरात आधी कुणाला होतं का हे? वडील, आजोबा, त्यांच्याही मागचे, कशानं गेले, काय वयाचे होते, कुठे लिहून ठेवलंय?”

“आमच्यात सगळे सांगूनच जातात, डॉक्टर,” धाकटा उशीवरून म्हणाला. “जातो म्हणून.”

कुणी हसलं नाही. भावजय तोंड फिरवून रडायला लागली.

लिहून ठेवलेलं होतं. पाच पिढ्यांची एक नोंदवही होती आणि ती जुन्या दुकानाच्या माडीवर पेटीत होती. पेटीची किल्ली आत्याकडे होती. आत्या ऐंशीच्या पुढची, सोयीचं तेवढंच ऐकू येणारी. तिनं किल्ली काढून दिली.

“वही तिथून हलवू नकोस. हवं ते तिथेच बसून उतरून घे. आणि मनातल्या मनात वाच.”

“का गं?”

“तुझा आवाज काय कमी आहे?”

कानामात्रा हसली. आत्याच ती, टोमणा मारल्याशिवाय किल्ली कशी देईल!

दुकानात आता एक भाडेकरू दोर, बादल्या आणि झाडू विकत होता. “वर बसा निवांत, ताई,” तो म्हणाला. “मी जेवायला घरी जाईन. निघताना हाक मारतो. जिन्याच्या दाराला आतून कडी लावून घ्या, कुत्री चढतात.” तिनं कडी लावली आणि ती वर गेली.

भर दुपार होती. माडीवर एकच खिडकी, तिच्याखाली पेटी आणि एक बुटकं स्टूल. तिथे साठ वर्षांत धान्याचा दाणा ठेवलेला नव्हता, तरी वास धान्याचाच होता: पोत्यांचा, कोंड्याचा, तळाला राहून आंबलेल्या दाण्यांचा. तिनं नाकाला रुमाल लावला, डोक्यात खोचलेली शिसपेन काढली आणि वही उघडली.

वही सुरू झाली होती तिच्या खापरपणजोबांपासून. तो मूळचा शेतकरी, अक्षरशत्रू. लिहिणारी त्याची सून होती आणि ती त्याला ‘मामंजी’ म्हणत होती. पहिल्या पानावर एकाच ओळीत होतं, ‘तांबडी गाय व्याली, कालवड, नाव चांदणी. मी बाळंत झाले, मुलगी.’ मुलीचं नाव लिहायचं राहून गेलं होतं.

कानामात्रा वाचत गेली, आणि वाचता वाचता तिचा आवाज बाहेर पडू लागला. छापखान्यात मुद्रित मोठ्यानंच वाचतात. एकीनं मूळ प्रत विरामचिन्हांसकट वाचायची, दुसरीनं छापलेलं तपासायचं. समोर कुणी नसलं तरी जिभेला ते वळण पडलेलं होतं.

“मामंजी शेजाऱ्यांचं धान्य आपल्या गाडीतून बाजाराला नेऊ लागले, पूर्णविराम. नांगराचा फाळ मोडून तराजूची दांडी घडवली, पूर्णविराम. शेतावर आजेसासूबाईंना एकट्या ठेवून आम्ही बाजारपेठेत दुकानाच्या माडीवर राहायला आलो, पूर्णविराम. निघताना मामंजी आईला येतो म्हणाले, पूर्णविराम. त्या ये म्हणाल्या.”

पुढे चार वर्षं सुगीच्या सुगीला एकच नोंद होती. ‘शेतावरून निरोप आला. मामंजी गेले नाहीत. माल भरायचा होता.’ पाचव्या वर्षी, ‘आजेसासूबाई गेल्या. दारात बसल्या जागी. दार उघडंच होतं.’

तिला उगाच वाईट वाटलं. दीडशे वर्षांपूर्वीची म्हातारी, पण दाराकडे डोळे लावून बसलेली. तिनं पान उलटलं.

“आज दुपारी मामंजी एकटेच गाडी जुंपून शेताकडे निघाले, पूर्णविराम. अवतरणचिन्ह सुरू, येतो, अवतरणचिन्ह बंद, म्हणाले. मी या म्हटले, पूर्णविराम. गाडी शेताच्या बांधावर सापडली, स्वल्पविराम, बैल जुंपलेले, स्वल्पविराम, गाडीत कोणी नाही.”

खाली मृत्यूच्या तारखेची जागा कोरी होती. वयही नाही, कारणही नाही. तिनं सवयीनं समासात ‘मजकूर गळला’ची खूण केली.

“येतो...” जिन्यातून आवाज आला. शांत, जरासा थकलेला, पुरुषाचा.

“या,” ती वहीतून डोकं न काढता म्हणाली. भाडेकरू जेवायला निघाला असणार. कुणी येतो म्हटलं की आपण या म्हणतो. त्याला काय विचार करावा लागतो?

मग तिनं पुढचं पान वाचलं.

‘धाकटे भाऊजी, वय एकतीस. अकरा दिवस ताप. वैद्यांनी आशा सोडली. दुपारी जिन्यात येतो असा आवाज आला. सासूबाई आतून या म्हणाल्या. संध्याकाळी भाऊजींनी जेवायला मागितले. तिसऱ्या दिवशी उठून स्वच्छ कपडे केले, दारात उभे राहून येतो म्हणाले. सासूबाई या म्हणाल्या. परत आले नाहीत.’

मृत्यूची तारीख नव्हती.

पुढच्या पिढीत एक पाय मोडून पडलेला. त्याच्या बायकोनं ‘या’ म्हटलं होतं. तिसऱ्या दिवशी तो आपल्या पायांनी चालत निघाला, ‘येतो’ म्हणाला. तारीख नव्हती. आणि त्याच्याखाली जाड बोरूनं, कागद फाटेल इतका दाबून लिहिलं होतं: ‘या घरात निघताना कोणी येतो म्हणू नये. कोणी म्हटल्यास या म्हणू नये. जातो म्हणावे.’

त्यानंतर सगळ्यांच्या तारखा होत्या. आजोबांची, वडिलांची. सगळे वेळच्या वेळी, रीतसर मेले होते.

कानामात्रानं त्या दाबून लिहिलेल्या ओळी पुन्हा वाचल्या. आता ती मनातल्या मनात वाचत होती, पण उशीर झाला होता. वही तशीच टाकून ती जिना उतरली. खालच्या दाराची कडी आतून लावलेली होती, तिनंच लावलेली. शेवटच्या पायरीवर मूठभर कोंडा सांडला होता, ओलसर, नुकताच पाखडल्यासारखा.

आत्याला या खेपेला सगळं पहिल्याच वेळी ऐकू आलं.

“मनातल्या मनात वाच म्हटलं होतं ना गं...” ती म्हणाली. “त्याचे शब्द मोठ्यानं म्हटले की ती त्याला हाक असते. आईला येतो म्हणून जो गेला नाही, त्याच्या नशिबी येणंच आलं. स्वतःचे पाय राहिले नाहीत त्याला. घरातलं आजारी माणूस बघतो, त्याला उठवतो आणि त्याच्या पायांनी शेताकडे चालायला लागतो.”

“मग आता?”

“अजून एक दार आहे. धाकटा निघताना येतो म्हणेल. तेव्हा कुणी या म्हणायचं नाही. अळीमिळी गुपचिळी. मग अडतो तो.”

“आणि धाकटा? तो जगेल?”

“ते मला काय ठाऊक? पण मेला तरी आपला म्हणून मरेल.”

ती भावाच्या घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. दार उघडणारी भावजय हसत होती, डोळ्यांत पाणी घेऊन.

“ताई, बसा आधी! अहो, भूक लागली म्हणाले. स्वतःहून! दोन वेळा वाढून घेतलं.”

पलंगावर धाकटा ताठ बसला होता. गालांवर रंग होता. त्यानं ताईकडे पाहिलं, ओळखीचं हसला आणि बोटांनी चादरीचा काठ चोळत राहिला, दाणा किडका आहे का ते बघतात तसा.

कानामात्रानं भावजयीला सगळं सांगितलं, स्वयंपाकघरात, हळू आवाजात. सांगताना तिचं तिलाच ते खुळ्यासारखं वाटत होतं. भावजय आधी हसली, मग तिचा चेहरा उतरला.

“नवरा मरणाच्या दारातून परत आलाय, ताई. आणि असलं अभद्र तुम्ही बोलता? सख्खी बहीण ना तुम्ही?”

कानामात्रा तिथून हलली नाही. दोन रात्री भावाच्या पलंगाजवळ खुर्ची टाकून बसली. डॉक्टर येऊन तपासून गेले, चक्रावले, ऑपरेशन पुढे ढकलू म्हणाले. एकोणीस वर्षांची भाची बापाला मिठी मारून रडली. कानामात्रालाही वाटायला लागलं, वाचला असेल खरंच. तिला ते इतकं हवं होतं, की तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा जीव जवळजवळ भांड्यात पडला.

दुपारी तो उठला. इस्त्रीचा सदरा घातला, स्कूटरची किल्ली घेतली आणि उंबऱ्यात जाऊन उभा राहिला. पाठ घराकडे. कानामात्रा समोरच होती. तिनं स्वतःच्या तोंडावर दोन्ही हात दाबून धरले.

“येतो,” धाकटा म्हणाला. आवाज शांत, जरासा थकलेला. जिन्यातला.

तो थांबला होता, उत्तरासाठी. भाची कॉलेजात होती. स्वयंपाकघरात नळ वाहत होता. कानामात्रा मनात म्हणत होती, ऐकू नको येऊ दे, तिला ऐकू नको येऊ दे. आणि नळ बंद झाला.

“अगं बाई!” आतून भावजयीचा आनंदानं भरलेला आवाज आला. “बावीस वर्षांनी शिकलात एकदाचं! या हं, लवकर या!”

आपण काय बोललो हे तिला पायऱ्या वाजायच्या थांबल्यावर कळलं. ती ओल्या हातांनी बाहेर धावली, तोवर रस्ता रिकामा होता. स्कूटर दोन दिवसांनी सापडली, गावाबाहेर एका शेताच्या बांधावर. किल्ली लावलेली होती आणि शेतमालक म्हणाला, इंजिन चालू होतं.

याला आता दोन महिने झाले. कानामात्रानं वहीत भावाचं नाव लिहिलं आणि तारखेची जागा कोरी ठेवली. भावजयीला तिनं माडीवर नेऊन ती वही दाखवली, शपथ घातली, तिचे हात धरले. ती सगळ्याला मान हलवते. पण दार दिवसभर उघडं ठेवते आणि तिथेच भाजी निवडत बसते. त्यात भाचीला ताप आला. आज नववा दिवस. औषधं बदलून झाली, पोर डोळेसुद्धा उघडत नव्हती.

मघाशी, जेवणं उरकायच्या सुमाराला, कानामात्राचा फोन वाजला.

“ताई! ताई, हे आले! जिन्यात आवाज आला... यांचाच. मी नाही ओळखणार? येतो म्हणाले, ताई!”

“आणि तू?” कानामात्राला स्वतःचा आवाज ओळखू येईना. “अगं, तू काय म्हणालीस?”

पलीकडून भावजयीचं रडणं आलं, की हसणं, ते कळलं नाही. आणि तिच्या मागून, नऊ दिवसांत पहिल्यांदाच, भाचीचा स्पष्ट आवाज आला.

“आई, मला भूक लागली.”