केरात गेलेले श्वास

कोल्हापूरच्या ध्वनिपरीक्षण केंद्रात टेबलावर दोन वायरी पडल्या होत्या. एक मनगटाएवढी जाड, अंगावर चंदेरी विणकाम, टोकाला सोन्याचं पाणी दिलेल्या पिना. दुसरी लाल-काळी, मांडवातल्या कर्ण्याला लावतात तसली. उल्का माळकरनं सकाळपासून दोन्ही मोजून काढल्या होत्या आणि तिचं डोकं फिरलं होतं. फरक नव्हता. माणसाचं सोडा, वटवाघळालाही तो कळला नसता.

"तांबं ते तांबं," ती म्हणाली. "सोन्याची पिन दिसली म्हणून वीज नटूनथटून जात नाही, पारसनीस."

निशिकांत पारसनीस केबल कंपनीचा शास्त्रज्ञ होता. एकेकाळी याच केंद्रात उल्काच्या शेजारच्या टेबलावर बसायचा, खोट्या जाहिरातींना तिच्याइतक्याच शिव्या घालायचा. आता तो हसला.

"आणि दुहेरी जोडणी? जाड आवाजाला एक केबल, बारीक आवाजाला दुसरी?"

"दोन्हींची शेपटं अॅम्प्लिफायरच्या एकाच खुंटीला बांधता ना? एका विहिरीत दोन दोर सोडले म्हणून पाणी गोड होतं का?"

"तुझी यंत्रं मोजतात गं. ऐकतो माणूस. म्हणून तर आमच्या जाहिरातीच्या तक्रारीत ग्राहक आयोगानं श्रवणालेखक वापरायला सांगितलाय."

श्रवणालेखक म्हणजे डोक्यावर घालायची जाळीची टोपी. ऐकताना मेंदूत काय चालतं, ते ती पडद्यावर दोन रेघांनी काढायची. कानाकडून वर येतं ते निळ्या रेघेत. आणि आता काय ऐकू येणार याचा अंदाज बांधून मेंदू स्वतः वरून खाली सोडतो, ते लाल रेघेत. उल्का त्याला पूर्वश्रवण म्हणायची. गर्दीत आपलं नाव कुणी अर्धंच घेतलं तरी पूर्ण ऐकू येतं, ती त्या लाल रेघेची करामत. निळी आणि लाल जिथं भेटतात, त्याला आपण ऐकणं म्हणतो.

"आणि ऐकणाऱ्याला त्यातलं कुठलं निळं, कुठलं लाल, हे कळतं का?" पारसनीसनं विचारलं.

"नाही. त्याला दोन्ही सारखंच खरं."

"बस्स. एवढंच हवं होतं. आमचा श्रोता बाहेर बसलाय. तुझ्या ओळखीचा आहे."

दार उघडून आबा आत आले. उल्काचे वडील. चाळीस वर्षं गाणी ध्वनिमुद्रित केलेला माणूस. बायको गेल्यावर त्यांनी ती जाड केबल घरी आणली होती, आणि त्यावरून बापलेकीत असं जुंपलं होतं की तो विषय घरात कुणी काढत नव्हतं.

"आबा, तुम्ही? यांनी तुम्हाला गाठलं?"

"मीच आलो. तुझ्या यंत्राला एकदा दाखवायचं होतं की, म्हातारा खुळा नाही म्हणून."

"घरातलं माणूस चालत नाही या चाचणीला."

"चालतं," पारसनीस म्हणाला. "कुठली वायर जोडायची ते यंत्र ठरवतं. तू फक्त रेघा बघायच्यास."

आबांनी बरोबर एक ध्वनिफीत आणली होती. शालनचे पाळणे. शालन म्हणजे उल्काची आई. ना पेटी, ना तबला, नुसता गळा. एका कंपनीसाठी तिनं ते गायले होते आणि आबांनीच मुद्रित केले होते. तेवढाच तिचा आवाज या जगात शिल्लक होता.

आधी पडदा लावून चाचणी झाली. वायर दिसत नव्हती. आबा ओठ दाबून ऐकत राहिले. "ही... नाही, थांब, मघाची... च्यायला, कळंना." रेघा दोन्ही वेळा सारख्याच उमटल्या.

मग पडदा काढला. आबांसमोर जाड केबल आली. शालन गाऊ लागली, आणि उल्का खुर्चीतून उठलीच. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी लाल रेघ उसळत होती. आबांच्या गालावरून पाणी वाहत होतं.

"श्वास," ते म्हणाले. "ओळ उचलायच्या आधी घेते बघ ती. ऐक की! तुला ऐकू येत नाही, त्याला मी काय करू?"

पारसनीसनं टाळी वाजवली.

"टाळ्या कसल्या वाजवतोस?" उल्का ओरडली. "समोर तुझी केबल आहे, पण यंत्रानं जोडलीय मांडवाची वायर! आणि रेघ लाल आहे, निळी नाही!"

"गिऱ्हाइकाला लाल-निळं कोण सांगतंय? मेंदूत फरक पडला, हे तुझ्याच यंत्रानं काढलं. आबांचा फोटो, खाली ही रेघ, आणि वर एकच ओळ: गेलेल्या माणसाचा श्वास परत येतो. आबांची संमती आहे. घराघरात असं कुणीतरी गेलेलं असतंच, उल्का."

उल्काला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तिनं हात आवरला तो आबांचा चेहरा बघून. इतकं सुख तिनं त्या चेहऱ्यावर आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

अहवालासाठी तिनं फीत तपासायला घेतली. लाल रेघ जिथं जिथं उसळली, ती प्रत्येक जागा शोधून काढली. तिथं काय होतं? काही नव्हतं. श्वास नाही, खोलीचा घुमारा नाही, फितीची नेहमीची सरसरही वेगळी. कोरी फीत. मागंपुढं तिरके सांधे.

आणि तिला ते टेबल आठवलं. ती लहान होती, टेबलाखाली बसायची. वर आबा ब्लेडनं फीत कापत असायचे. त्या काळी कंपन्यांना गायकाचा श्वास नको असायचा, कच्चा वाटायचा. आबा श्वासाचा तुकडा काढायचे, तेवढीच कोरी फीत चिकटवायचे. सगळ्यांचेच काढायचे, शालनचेही काढले. खाली तपकिरी वेटोळी पडायची, आणि आई झाडू घेऊन यायची, हसत म्हणायची, "अहो, माझे श्वास केरात चाललेत की!"

चाळीस वर्षं तेच काम. हाताला ठाऊक होतं, डोक्यात काहीच उरलं नव्हतं.

आता दोनच वाटा होत्या. सांगितलं नाही, तर आबांचा फोटो लावून दुःखी माणसांना गंडवायचा धंदा उभा राहणार. सांगितलं, तर आबांना ऐकू येणारा श्वास जाणार. तिनं स्वतःच पाहिलं होतं ते, लाल रेघ विश्वासावर उभी असते.

तिनं सांगितलं. सांधे दाखवले, आईचं केराचं वाक्यही सांगितलं.

आबांनी आपल्या बोटांकडं बघितलं.

"लाव परत," ते म्हणाले.

तिनं लावलं. जाड केबल समोर होती. शालन गात राहिली. लाल रेघ जमिनीवर पडल्यासारखी आडवी.

"कोरंच आहे की गं," आबा म्हणाले. "ओळ संपती, मग काहीच नाही. मग ओळ." त्यांनी टोपी काढली. "मीच काढले होते. मीच."

त्यांनी संमती मागं घेतली. जाहिरात बारगळली. आयोगाच्या निकालात उल्काचा अहवाल शब्दशः छापला गेला. केंद्रात लोकांनी तिचं अभिनंदन केलं, आणि तिला ते ऐकवेना. आबा घरी रेडिओसुद्धा लावेनासे झाले. केबल त्यांनी माळ्यावर टाकली.

प्रकरण बंद करायचं म्हणून उल्कानं एका दुपारी फीत शेवटची लावली. मांडवाचीच वायर. पाळणा सुरू झाला, ओळ संपली, आणि आई श्वास घेऊन पुढच्या ओळीत शिरली.

उल्कानं मागं जाऊन ती जागा पुन्हा लावली. पुन्हा श्वास. हलका, नाकातून घेतलेला. तिनं घाईघाईनं टोपी चढवली. पडद्यावर निळी रेघ सपाट होती, लाल उसळत होती. तिची स्वतःची.

अर्थ लावायला तिला वेळ लागला नाही. तिनं त्या जागा एकेक करून शोधून काढल्या होत्या, दिवसचे दिवस. इथं आईचा श्वास होता, हे तिच्या मेंदूला आता पाठ झालं होतं. इथं काहीच उरलेलं नाही, हे आबांच्या मेंदूला पटलं होतं. फीत तीच, वायर तीच. ज्या ज्ञानानं बापाचं हिरावलं, त्याच ज्ञानानं लेकीला दिलं होतं. आणि तिनं ते मागितलंही नव्हतं.

संध्याकाळी ती फीत, यंत्र आणि वायर घेऊन आबांकडं गेली.

"आता काय दाखवायचं राहिलंय?" आबा म्हणाले.

"मला ऐकू येतोय, आबा."

त्यांनी तिच्याकडं बघितलं. "या असल्या वायरीवर?"

"याच."

"म्हणजे खुळेपणा घराण्यातच आहे म्हण की."

ती हसली नाही. तिनं त्यांचा हात हातात घेतला. "श्वास आला की दाबते."

पाळणा सुरू झाला. ओळ संपली, तिनं त्यांची बोटं दाबली. पुढची ओळ, पुन्हा दाबली. आबा डोळे मिटून बसले होते. ज्या बोटांनी ब्लेड धरलं होतं, ती सुरकुतलेली बोटं तिच्या हातात निर्जीव पडली होती. मध्येच आईचा आवाज ऐकण्यात उल्का हरवली, एक जागा निसटली, हात दाबायचा राहिला.

"चुकलीस," आबा डोळे न उघडता म्हणाले. "एक राहिला."

कापणाऱ्याच्या बोटांना जागा आठवली की बापाला श्वास खरंच ऐकू आला, हे एका क्षणात कळण्यासारखं होतं. टोपी तिच्या पिशवीत होती. जन्मभर मोजल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणाऱ्या उल्कानं पायानं ती पिशवी खुर्चीखाली सरकवली, आणि पुढच्या ओळीच्या तोंडाशी वडिलांचा हात दाबला.