फुमीची वाटी

ही हकिकत वाचून हसायचं तर खुशाल हसा. पण खोटी म्हणू नका. जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी मित्सुएमावशी अजून जिवंत आहे. आणि यातला शेवटचा भाग मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

साल १९६३. डिसेंबरची अकरा तारीख, संध्याकाळचे पाच. क्योतो शहरातला निशिजिन भाग. तेव्हा तिथे घरोघरी रेशमाचे माग चालायचे.

मावशीच्या लग्नाला दीड महिना झाला होता. ती समुद्रकाठच्या खेड्यातली. तिच्या गावात रस्ता एकच, घरापासून धक्क्यापर्यंत. इथे मात्र गल्लीतून गल्ली, गल्लीतून बोळ आणि बोळाच्या टोकाला भिंत.

तिच्या नवऱ्याचं, सेइकिचीचं, उदोनचं दुकान होतं. गरम रश्श्यातल्या जाड शेवया. विणकरांना माग सोडून उठायला फुरसत नसायची, म्हणून दुपारी सायकलवरून भरलेले वाडगे घरपोच द्यायचे. लोक खाऊन, वाडगे धुऊन दाराबाहेर ठेवायचे. संध्याकाळी तीच घरं पुन्हा फिरून ते गोळा करायचे.

हे काम आधी फुमी करायची.

फुमी म्हणजे सेइकिचीची पहिली बायको. आदल्या हिवाळ्यात न्यूमोनियाने गेली. सायकल तिचीच होती.

मावशी रोज चुकायची. सार्वजनिक न्हाणीघराचं धुराडं खूण म्हणून लक्षात ठेवायची, तर पुढच्या वळणावर तसलंच दुसरं धुराडं उभं. एकदा तर अर्धा तास फिरून ती स्वतःच्याच दुकानाच्या मागच्या दाराशी पोचली.

"आलीस का बाई एकदाची?" कायो नावाची म्हातारी विणकरीण दारातच वाडग्यात बोट बुडवून बघायची. "फुमी आणायची तेव्हा जीभ भाजायची आमची. हा रस्सा तर तू आंघोळीला आणलायस!"

घरी आल्यावर नवरा समजुतीने सांगायचा, "अगं, फुमी म्हणायची, रस्ता डोळ्यांनी शोधू नये, कानांनी शोधावा. प्रत्येक घरच्या मागाचा ठोका वेगळा असतो."

मावशीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"माझी वाट मी शोधीन. मला कुणाचे कान नकोत."

मेलेल्या बाईचा हेवा करू नये, हे तिलाही कळत होतं. पण व्हायचा, त्याला ती तरी काय करणार?

सगळ्यात छळायची ती सायकलची घंटी. ती वाजली की लोक हसत दार उघडायचे. मग समोर मावशी दिसायची आणि ते हसू मावळायचं. रोज. प्रत्येक दारात.

अकरा तारखेला दुपारी तिने पाना घेतला, घंटी काढली आणि पुलावरून ओढ्यात फेकून दिली.

तिला फार बरं वाटलं.

संध्याकाळी ती वाडगे गोळा करायला निघाली. थंडी कडाक्याची. तिसऱ्या वळणानंतरच ती चुकली. अंधारून येत होतं. दोन्ही बाजूंना सारखीच लाकडी जाळीची घरं आणि आत मागांचा आवाज.

खटक्-खटक्. खटक्-खटक्.

ती सायकल हातात धरून उभी राहिली. आणि मग...

उजवीकडचा माग थांबला.

मग डावीकडचा. मग त्याच्या पुढचा. एकेक करत सगळी गल्ली गप्प झाली.

त्या भागात अशी शांतता कधीच नसायची. सणाच्या दिवशीसुद्धा नाही.

आणि त्या शांततेत, पुढच्या वळणापलीकडून...

ट्रिंग.

मावशीने तो आवाज ताबडतोब ओळखला. पण भीतीच्या आधी आला राग. कुणीतरी घंटी ओढ्यातून काढून आपली थट्टा करतंय! ती सायकलवर बसली आणि आवाजामागे सुटली.

वळली, तर बोळात कुणी नाही.

पुन्हा ट्रिंग, पुढच्या वळणावर. सायकल नाही, माणूस नाही. फक्त चाक फिरल्याची बारीक सरसर. आवाज थांबला तिथे मावशी थांबली. समोर एक दार होतं आणि दाराबाहेर त्यांच्याच दुकानाचे दोन वाडगे.

असं एकामागून एक. घंटी पुढे, मावशी मागे. त्या दिवशी तिचं एकही घर चुकलं नाही.

दुकानाशी पोचली तेव्हा सेइकिची दारातच उभा होता. हसत होता. लग्न झाल्यापासून मावशीने त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"लवकर आलीस आज! घंटी ऐकली नि रस्सा तापत ठेवला."

"कुठली घंटी?"

"ही काय, सायकलची."

त्याने हँडलकडे बोट दाखवलं. तिथे नुसता गंज होता. त्याचं हसू गेलं. मावशीने वाडगे उतरवायला घेतले. सगळ्यात खाली...

एक लहान वाटी होती. भाताची. पंख पसरलेल्या निळ्या चतुरांची नक्षी. ती धुतलेली होती, आणि कोमट होती.

सेइकिचीने ती झटकन उचलून छातीशी धरली.

तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे माणूस गेलं की शवपेटी घराबाहेर निघताना त्याची रोजची भाताची वाटी दारात फोडतात. म्हणजे ते माणूस जेवायला परत येत नाही.

"ही तिची ना?" मावशीने विचारलं. "फोडली होती ना तुम्ही?"

तो वाटीची कड अंगठ्याने पुसत राहिला.

"अहो, फोडली होती ना?"

"दुसरी फोडली," तो हळूच म्हणाला. "ही वर कपाटात लपवली. हात झाला नाही गं माझा."

मावशी मला म्हणाली, "तेव्हा मी घाबरायला हवं होतं. पण मला भूतबीत काही सुचलंच नाही. माझ्या डोक्यात एकच, की याचा हात झाला नाही."

"फोडा," ती म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर."

त्याने वाटी दोन्ही हातांत धरली. दाराकडे बघितलं.

"थंडीत आलीय गं ती..."

मावशीने वाटी हिसकावली आणि उंबऱ्याच्या दगडावर आपटली. तुकडे झाले. तो गुडघ्यांवर बसून ते वेचत राहिला. पुढे त्यांचं त्याने काय केलं, हे तिने कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे माग चालू होते. घंटी नव्हती. मावशी रडत, विचारत, धडपडत सातला घरी आली. दार सरकवलं तर सेइकिची चटकन उठला. चेहरा उजळलेला.

मग समोर मावशी दिसली आणि ते हसू मावळलं.

याला साठ वर्षं उलटून गेली. आज निशिजिनच्या गल्ल्या मावशीइतक्या कुणाला माहीत नाहीत. दुकान बंद झालं. सेइकिचीकाका नव्वदीचे आहेत, ठार बहिरे. कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही.

गेल्या डिसेंबरात मी त्यांच्याकडे होते. संध्याकाळी पाचला काकांनी अचानक मान वर केली.

"आली," म्हणाले, आणि उठून शेवयांचं आधण ठेवलं.

मला काहीही ऐकू आलं नव्हतं. मावशी मुळा किसत होती. तिने मान वर केली नाही. काकांनी शेवया एका लहान वाटीत काढून दाराबाहेर ठेवल्या आणि आत येऊन शांत बसले.

अर्ध्या तासाने मी दार उघडलं...

वाटी रिकामी होती. धुतलेली. हात लावला तर कोमट. निळे चतुर, आणि सगळ्या अंगावर केसासारख्या भेगा. कुठे डिंक नाही, लाख नाही. नुसते तुकडे एकमेकांना धरून होते.

मी मागे सरले. मावशी पाठीशी येऊन उभी होती.

"रोज येते?" मी विचारलं.

"हिवाळ्यात रोज."

"तुला ऐकू येते घंटी?"

"मला?" मावशी हसली. ते हसू मला आवडलं नाही. "त्या दिवसानंतर एकदाही नाही. मी कितीदा दाराशी कान लावून बसले. ती फक्त त्यांच्यासाठी येते."

मग तिने माझं मनगट पकडलं. त्या म्हातारीच्या हातात इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"पोरी, मी गेले की माझी वाटी फोडायला तुलाच सांगतील. दुसरी फोड. माझी ठेव. रस्ता आता मलाही पाठ आहे."

मी हो म्हणाले. काय करणार?

घरी येऊन पिशवी उघडली तर आत फडक्यात गुंडाळलेली तिची वाटी. ती आता माझ्या कपाटात आहे. मावशी गेल्या आठवड्यापासून दवाखान्यात आहे, आणि डॉक्टर नीट काही सांगत नाहीत.

फोडायची दुसरी वाटी मी अजून आणलेली नाही.

आणावी का?